घरातील मोडी दप्तराचे डिजिटल जतन: रुमाल सोडण्यापासून लोकांसमोर मांडण्यापर्यंत

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत, देवस्थानांत, पाटील, कुलकर्णी, देशपांडे, खोत अशा वतनदारांच्या घरांत आणि शंभरी ओलांडलेल्या वाचनालयांत मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, आजही माळ्यावर किंवा लाकडी पेटाऱ्यात पडून आहेत. पेशवे दप्तर पुण्याच्या अभिलेखागारात सांभाळले गेले आहे आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने असंख्य घराण्यांचे कागद मिळवून जपले आहेत. असे असले तरी खाजगी घरांतील पुष्कळ दप्तर आजवर कोणाच्याच यादीत आलेले नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करीत होते आणि त्यांच्या साधनग्रंथांचा पहिला खंड १८९८ साली छापला गेला, तेव्हा घरातील निदान वडीलधाऱ्यांना तरी मोडी वाचता येत होती. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळांतून मोडी गेली आणि पुढच्या पिढ्यांना आपल्याच घरातला कागद परका झाला. जो कागद वाचता येत नाही तो रद्दीत जातो, नाहीतर ‘पवित्र’ म्हणून नदीत सोडला जातो.

हा लेख अशा रुमालाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी आहे. मोठी यंत्रसामग्री लागत नाही. साधा कॅमेरा किंवा बरा मोबाइल, एक संगणक, दोन दिवे आणि मदतीला एक माणूस एवढ्यावर काम उत्तम होते. मात्र एक गोष्ट आरंभीच मनात पक्की असावी. डिजिटल जतन म्हणजे केवळ छायाचित्रे काढणे नव्हे. कागद कोणाच्या घरचा, कोणत्या रुमालातला, कोणत्या कागदाच्या शेजारी होता, ही नोंद नसेल तर हजार स्पष्ट छायाचित्रेही अभ्यासकाच्या फारशी कामाची राहत नाहीत. खालच्या प्रत्येक पायरीत नोंदीवर जो भर दिला आहे, तो या कारणासाठी.

पहिली पायरी: संमती, जागा आणि ऋतू

दप्तर एकत्र कुटुंबाचे असेल तर सर्व हिस्सेदारांशी आधी बोलावे आणि दोन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: छायाचित्रे काढण्यास संमती आहे का, आणि ती सार्वजनिक करण्यास संमती आहे का. या दोन संमती वेगळ्या आहेत. पुष्कळ कुटुंबे पहिलीला आनंदाने तयार होतात आणि दुसरीसाठी त्यांना कागदात काय आहे ते आधी जाणून घ्यायचे असते. हा आग्रह रास्त आहे आणि तो मान्य करावा. देवस्थानाचे कागद असतील तर विश्वस्तांचा ठराव घ्यावा. एका पुजाऱ्याच्या किंवा एका विश्वस्ताच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नये.

जागा कोरडी, स्वच्छ आणि थेट ऊन न येणारी असावी. टेबल मोठे असावे, त्यावर धुतलेली पांढरी सुती चादर अंथरावी आणि त्या खोलीत चहा, पाणी, शाईचे पेन यांपैकी काहीही आणू नये. जुन्या मराठी कागदांवरील शाई बहुधा काजळीपासून केलेली असते आणि पाण्याचा थेंब पडताच ती पसरू शकते. लिहायला फक्त पेन्सिल वापरावी. कोकणात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते आणि दमट कागद मऊ पडून फाटतो, त्यामुळे काम दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतच्या कोरड्या दिवसांत करणे हिताचे.

दुसरी पायरी: रुमाल सोडणे आणि कागद हाताळणे

रुमाल सोडण्याआधीच त्याचे छायाचित्र घ्यावे. कापड कोणत्या रंगाचे आहे, गाठ कशी आहे, वर चिठ्ठी बांधली आहे का, हे सर्व त्यात यावे. आतल्या जुड्या ज्या क्रमाने निघतील तो क्रम मोडू नये. नवशिक्याला पहिला मोह होतो तो कागद तारखेप्रमाणे किंवा विषयाप्रमाणे ‘नीट लावण्याचा’. तो कटाक्षाने टाळावा. एखाद्या कुलकर्ण्याने जमिनीच्या तंट्याचा महजर (पंचांच्या सभेचा लेखी निर्णय), त्याच्याशी संबंधित दोन खाजगी पत्रे आणि वसुलाची यादी एकत्र बांधून ठेवली असेल, तर ते एकत्र असणे हाच पुरावा असतो. तारखेप्रमाणे क्रम संगणकावर हवा तेव्हा लावता येतो. कागदांचा मूळ क्रम एकदा मोडला की तो परत मिळत नाही.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. पातळ कागदासाठी सुती हातमोजे घालू नयेत, कारण बोटांना कागदाची कड जाणवत नाही आणि तो फाटतो. पोथ्यांच्या बाबतीत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. लेखनिकाची चूक झाकण्यासाठी पोथीत जो पिवळा लेप दिलेला दिसतो तो हरताळ असतो आणि हरताळ हे आर्सेनिकचे विषारी संयुग आहे. अशी पाने हाताळताना रबरी पातळ हातमोजे वापरावेत, बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय सोडावी आणि काम संपल्यावर हात धुवावेत.

धूळ मऊ कोरड्या ब्रशने आतून बाहेर अशी हलकेच झाडावी. घडी ताठ झाली असेल तर जोर लावू नये. कागद काही तास उघड्यावर तसाच ठेवला की घडी पुष्कळदा सैल पडते. एकमेकांना चिकटलेले कागद, बुरशी लागलेले कागद आणि कसरीने चाळणी केलेले कागद वेगळ्या पाकिटात ठेवून संवर्धन जाणणाऱ्या व्यक्तीला दाखवावेत. फाटलेल्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावणे आणि कागद लॅमिनेट करणे या दोन ‘उपायांनी’ महाराष्ट्रातील घरगुती दप्तरांचे फार नुकसान केले आहे. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, आणि लॅमिनेट केलेला कागद मूळ अवस्थेत परत आणणे जवळजवळ अशक्य असते.

तिसरी पायरी: छायाचित्रणाची मांडणी

सुटे, मजबूत, सपाट कागद सपाट काचेच्या स्कॅनरवर चालतात. शिवलेल्या चोपड्या, एकाला एक चिकटवून केलेले लांब कागद आणि पोथ्यांची ठिसूळ पाने यांसाठी मात्र कॅमेरा वरून खाली रोखून छायाचित्र घेणे हीच योग्य पद्धत. कागद आपोआप ओढून घेणारे ऑफिसचे स्कॅनर कोणत्याही जुन्या कागदासाठी वापरू नयेत.

कॅमेरा उभ्या दांड्याला किंवा आडवा हात असलेल्या तिपाईला असा बसवावा की त्याचे भिंग टेबलाला अगदी समांतर राहील. समांतरता तपासायला गवंड्याची पाणीपातळी पुरते. टेबलावर मध्यभागी छोटा आरसा ठेवून कॅमेऱ्यातून पाहिल्यावर भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये दिसले, तर कॅमेरा सरळ आहे असे समजावे. मोबाइल वापरत असल्यास मुख्य भिंगच वापरावे, विस्तृत कोनाचे भिंग वापरू नये, कारण त्यात कडा वाकड्या येतात. कागदपत्रे ‘स्कॅन’ करणारी मोबाइल अॅप येथे उपयोगाची नाहीत. ती कागद पांढराशुभ्र आणि शाई काळीकुट्ट करतात, आणि त्या नादात कागदाचा मूळ रंग, डाग, पुसट झालेले शिक्के, खोडून वर लिहिलेले शब्द हे सर्व नाहीसे होते. इतिहासाच्या दृष्टीने हे नाहीसे झालेले तपशील बऱ्याचदा मजकुराइतकेच मोलाचे असतात.

प्रकाशासाठी दोन एकसारखे एलईडी दिवे कागदाच्या डाव्या-उजव्या बाजूला साधारण ४५ अंशांच्या कोनात ठेवावेत आणि खिडक्या झाकून घ्याव्यात, म्हणजे दिवसभरात प्रकाश बदलणार नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, भिंगाचे छिद्र एफ ८ आणि दोन सेकंदांचा टायमर या मांडणीने बोटाचा धक्का लागत नाही आणि चित्र कडेपर्यंत स्पष्ट येते. मोहोर किंवा उठावाचा शिक्का असेल तर एक जादा छायाचित्र एकच दिवा बाजूला अगदी खालच्या पातळीवर, प्रकाश कागदाला घासून जाईल असा लावून घ्यावे. समोरच्या प्रकाशात न दिसणारी अक्षरे या तिरप्या प्रकाशात उभी राहतात.

किती बारकावा पुरेसा, याचा हिशेब सोपा आहे. हस्तलिखितासाठी एका इंचात किमान ३०० आणि शक्य तर ४०० बिंदू मिळावेत. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ६००० × ४००० बिंदूंचे चित्र देतो, त्यामुळे ए-४ आकाराचा कागद चौकटभर घेतला तर इंचाला ४८० च्या वर बिंदू मिळतात. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल त्याच कागदाला सुमारे ३४० देतो, म्हणजे कामापुरता. पण ६० सेंटीमीटर लांबीचा कागद एकाच चौकटीत बसवला तर मोठ्या कॅमेऱ्यालाही जेमतेम २५० बिंदू मिळतात. म्हणून लांब कागद तुकड्यातुकड्यांनी घ्यावेत आणि प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्याचा चौथा हिस्सा पुन्हा यावा.

चौथी पायरी: प्रत्यक्ष छायाचित्रे

दिवसाची पहिली चौकट ही ओळखपट्टीची असावी: संग्रहाचे नाव, रुमाल क्रमांक, तारीख, छायाचित्र घेणाऱ्याचे नाव. त्यानंतर करड्या रंगाचे कार्ड (रंग पुढे जुळवून पाहण्यासाठी) आणि सेंटीमीटरची पट्टी ठेवून एक चौकट घ्यावी. पट्टी प्रत्येक कागदाशेजारी ठेवलेली उत्तम. निदान प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची उंची बदलल्यावर ती ठेवावीच.

कागदाच्या चारही कडा चौकटीत दिसल्या पाहिजेत आणि कडेबाहेर थोडी चादर दिसली पाहिजे, म्हणजे कागद कापलेला नाही हे पाहणाऱ्याला कळते. कोरी वाटली तरी मागची बाजू घ्यावीच. मोडी कागदांच्या पाठीवर शेरे, पत्ते, दाखल केल्याच्या खुणा, आणि कागद जोडून लांब केला असेल तर जोडावर उमटवलेले शिक्के सापडतात. पोथीच्या पानांचे क्रमांकही बहुधा पानाच्या मागच्या बाजूच्या समासात असतात. पोथीच्या लाकडी पाट्या आणि बासन (पोथी गुंडाळायचे कापड) यांचीही छायाचित्रे घ्यावीत.

दोघांनी काम करावे. एकाने फक्त कागद हाताळावेत आणि दुसऱ्याने कॅमेरा व नोंद सांभाळावी. घाई केली की पाने सुटतात, आणि सुटलेले पान सहसा रुमाल परत बांधल्यावरच लक्षात येते. त्यामुळे रुमाल बांधण्याआधी चौकटींची संख्या आणि कागदांच्या बाजूंची संख्या जुळवून पाहावी.

पाचवी पायरी: फायलींची नावे

कॅमेऱ्याने दिलेली नावे त्याच दिवशी बदलावीत. नावात मोकळी जागा, कंस आणि देवनागरी अक्षरे टाळावीत, कारण जुन्या प्रणालींवर ती अजूनही बिघडतात. इंग्रजी आकडे आणि मधली रेघ एवढेच वापरावे. रुमाल ३, कागद १७, पुढची बाजू या चौकटीचे नाव 03-0017-1 आणि मागच्या बाजूचे 03-0017-2 असे सरळ ठेवले की पुढे हजारो फायली झाल्या तरी क्रम आपोआप लागतो. पेन्सिलीने हाच क्रमांक कागदाच्या पाकिटावर लिहावा, कागदावर नव्हे.

कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवावी. तिच्यावर कातरणे, उजळवणे, डाग पुसणे असे कोणतेही संस्कार करू नयेत. जे करायचे ते प्रतीवर करावे. हा नियम आज अधिकच महत्त्वाचा झाला आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुने मोडी कागद तपासले जात आहेत, आणि जुन्या नोंदीला आजच्या व्यवहारात वजन आले की तिच्या प्रत्येक प्रतीवर संशय घेतला जाणार हे उघड आहे. अस्पर्श मूळ फाइल आणि तिची तारीख हाताशी असेल तर त्या संशयाला उत्तर देता येते.

सहावी पायरी: नोंदवही

आता सर्वांत महत्त्वाचे काम. साध्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक कागदाला एक ओळ द्यावी. क्रमांक, कागदाचा प्रकार, कोणी कोणास लिहिला, ठिकाण, कागदावर लिहिलेली तारीख, तिची इसवी तारीख, भाषा, लिपी, आकार सेंटीमीटरमध्ये, अवस्था, कोणाकडून मिळाला, आणि प्रसिद्धीस संमती आहे का, एवढे रकाने पुरतात. जगभरची ग्रंथालये ‘डब्लिन कोअर’ नावाची पंधरा घटकांची नोंदपद्धती वापरतात, आणि वरील रकाने तिच्यात सहज बसवता येतात. मोडी येत नसेल तर प्रकार, व्यक्ती आणि तारीख हे रकाने रिकामे ठेवावेत. अंदाजाने भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

तारखेच्या रकान्याबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण नवशिक्याची सर्वाधिक अडचण तिथेच होते. मराठी कागदांत शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, शुहूर म्हणजे अरबी सन, फसली सन आणि हिजरी महिने यांपैकी एक किंवा अनेक कालगणना आढळतात. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येते, मात्र पौषाच्या सुमारास जानेवारी लागला की ७९ मिळवावे लागतात. शुहूर सन मृग नक्षत्राला बदलते. त्यात पावसाळ्याच्या आरंभापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत. शिवाय हे सन आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिलेले असते, आणि तेही उलट क्रमाने, आधी एकक, मग दशक, मग शतक.

एक उदाहरण घेऊ. कागदावर ‘सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. म्हणून सन ११६१. त्याचा काळ इसवी सन १७६० च्या पावसाळ्यापासून १७६१ च्या उन्हाळ्यापर्यंतचा. पुढे ‘छ’ या अक्षरानंतर आकडा आणि ‘जमादिलाखर’ असेल तर छ म्हणजे चंद्राची म्हणजेच हिजरी महिन्याची तारीख, आणि त्या वर्षी जमादिलाखर जानेवारी १७६१ मध्ये लागतो. म्हणजे हा कागद शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या लढाईच्या आसपासचा आहे. एवढी माहिती एका ओळीतून निघते. नोंदवहीत मात्र मूळ शब्द एका रकान्यात आणि काढलेली इसवी तारीख दुसऱ्या रकान्यात ठेवावी, म्हणजे हिशेब चुकला असल्यास दुसऱ्याला तो तपासता येईल.

सातवी पायरी: साठवण

२४ मेगापिक्सेलची एक टिफ (चित्र न दाबता साठवणारी) फाइल साधारण ७२ मेगाबाइटची होते, म्हणजे हजार बाजूंना ७२ गिगाबाइट. आजच्या हिशेबाने हे फार नाही. मूळ फायलींच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या गावी असावी. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचा ग्रंथसंग्रह पाण्याखाली गेला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. एकाच घरात तीन डिस्क ठेवल्या तर अशा दिवशी तिन्ही एकदमच जातात. मुलगी किंवा पुतण्या परगावी किंवा परदेशी असेल तर तिसरी प्रत त्यांच्याकडे द्यावी.

प्रती करताना प्रत्येक फाइलचा चेकसम काढून यादीत ठेवावा. चेकसम म्हणजे फाइलच्या आशयावरून काढलेला एक ठरावीक लांबीचा संकेत. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी हा संकेत बदलतो. त्यासाठी मोफत साधने उपलब्ध आहेत. दरवर्षी, शक्य तर दसऱ्याला, सर्व डिस्क उघडून हे संकेत जुळतात का ते पाहावे, आणि पाच-सहा वर्षांनी जुनी डिस्क बदलावी. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली छायाचित्रे ही प्रत समजू नये. तिथे चित्र सहसा लहान करून पाठवले जाते आणि त्याचा बारकावा कायमचा जातो.

आठवी पायरी: वाचन आणि लिप्यंतर

मोडी शिकणे वाटते तितके अवघड नाही, पण सराव मागते. शिरोरेघ आधी ओढून तिला अक्षरे जोडत नेलेली असतात, लेखणी न उचलता शब्दामागून शब्द येतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले आहेत. अशा वर्गात दाखल होणे हा सर्वांत सरळ मार्ग. जून २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या जागतिक संकेतप्रणालीत, आली आणि तिचे मोफत टंकही उपलब्ध आहेत. तरीही लिप्यंतर देवनागरीतच करावे, कारण लोक शोध देवनागरीत घेतात.

लिप्यंतर करताना ओळीला ओळ ठेवावी, मूळचे शुद्धलेखन सुधारू नये आणि संक्षेप उलगडायचाच असेल तर तो चौकटी कंसात उलगडावा. ‘मौ॥’ पुढे [मौजे] लिहावे, मूळ खूण काढू नये. जमाखर्चाच्या कागदांत ५॥ म्हणजे साडेपाच आणि ५॥। म्हणजे पावणेसहा, त्यामुळे या उभ्या रेघा दंड समजून गाळल्या तर सगळा ताळेबंद चुकतो. न लागलेल्या शब्दाजागी प्रश्नचिन्ह आणि फाटलेल्या जागी [फाटले] असे लिहावे. यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयोग चालू आहेत आणि छापील देवनागरीचे यंत्रवाचन बरेच चांगले झाले आहे, पण हस्तलिखित मोडीच्या यंत्रवाचनातील प्रत्येक ओळ जाणत्या माणसाने मूळ चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय प्रसिद्ध करू नये, हे माझे ठाम मत आहे. माणसांची नावे आणि रकमा यांतच यंत्र अधिक चुकते, आणि वंश, हक्क, देणेघेणे हे सर्व नावांवर आणि रकमांवरच उभे असते.

नववी पायरी: कायदा आणि संकोच

ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा कलात्मक मोलाची ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात आणि ती परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मूळ कागद सामानात घालून नेण्याऐवजी डिजिटल प्रत न्यावी. लेखनाच्या हक्कांबाबत भारतीय कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे मोजतो, म्हणजे १९६० साली वारलेल्या लेखकाचे प्रकाशित साहित्य १ जानेवारी २०२१ पासून मुक्त झाले. मात्र लेखकाच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते. त्यामुळे विसाव्या शतकातील आजोबांची रोजनिशी किंवा पत्रे प्रसिद्ध करण्याआधी सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी.

कायद्यापलीकडचाही एक विचार आहे. महजर आणि निवाडे यांत जातीचे तंटे, बहिष्कार, गुलामांची खरेदी-विक्री, स्त्रियांवरील आरोप अशा गोष्टी येतात. त्या दडपू नयेत, कारण त्या काळाचे खरे चित्र त्यांतूनच दिसते. परंतु गावात आज राहणाऱ्या घराण्याचा त्यांत उल्लेख असेल, तर त्या घराला आधी भेटून कागद दाखवावा आणि प्रसिद्ध करताना त्याचा पूर्ण संदर्भ द्यावा. चालू दाव्यातील जमिनीचे कागद निकालापर्यंत खुले न करणे शहाणपणाचे.

दहावी पायरी: लोकांसमोर मांडणे

खुल्या मांडणीसाठी विकिमीडिया कॉमन्स हे सर्वांत सोयीचे ठिकाण. तिथे चित्रे विनामूल्य ठेवता येतात, पण व्यावसायिक वापरास बंदी घालणारा परवाना तिथे चालत नाही, हे संमती घेतानाच कुटुंबाला सांगावे. तिथे चढवलेले छापील पुस्तक किंवा पोथी मराठी विकिस्रोतावर पानापानाने टंकित करता येते. एकाने तपासलेले पान पिवळे आणि दुसऱ्याने पुन्हा तपासलेले पान हिरवे होते, त्यामुळे वाचकाला मजकुराचा भरवसा किती ते चटकन कळते. संपूर्ण चोपडी एका जागी दाखवायची असेल तर इंटरनेट आर्काइव्ह बरे. स्वतःचे संकेतस्थळ हवे असेल तर संग्रहालयांसाठी बनवलेली ‘ओमेका’ ही मुक्त प्रणाली वापरता येते, पण दरवर्षीचे भाडे कोण भरणार हे आधी ठरवावे. भाडे थकले की संकेतस्थळ जाते, आणि म्हणून केवळ स्वतःच्या संकेतस्थळावर विसंबू नये. केंद्र सरकारचे राष्ट्रीय पांडुलिपि मिशन २००३ साली सुरू झाले आणि २०२५ पासून ‘ज्ञान भारतम्’ या नावाने हस्तलिखितांच्या नोंदणीचे व डिजिटल प्रतींचे काम होत आहे. पोथ्यांचा संग्रह असल्यास तिथे नोंद करावी.

गावातले प्रदर्शन मात्र विसरू नये, किंबहुना ते आधी करावे. ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा वाचनालयात कागदांचे मूळ आकाराचे रंगीत छाप लावावेत, शेजारी ओळीला ओळ देवनागरी लिप्यंतर आणि खाली चार वाक्यांत आजच्या मराठीत सारांश द्यावा. क्यूआर कोड ठेवला तर मोबाइलवर पूर्ण चित्र मोठे करून पाहता येते. मूळ कागद मांडू नयेत. मांडायचाच झाला तर एखादाच, काचेखाली, पन्नास लक्सहून (लक्स हे प्रकाशाचे माप) कमी प्रकाशात आणि थोड्याच दिवसांसाठी. कागदात आलेली शेतांची, ओढ्यांची, पाणवठ्यांची आणि वस्त्यांची नावे मोठ्या अक्षरांत वेगळी लिहून लावावीत. ज्येष्ठ मंडळी ती वाचून ‘हे शेत अमक्याच्या विहिरीपलीकडचे’ असे सांगू लागतात, आणि ही माहिती कोणत्याही अभिलेखागारात मिळत नाही. त्यासाठी एक वही व पेन्सिल दारातच ठेवावी, किंवा परवानगी घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, आणि संबंधित कागदाच्या क्रमांकासमोर नोंदवहीत ते जोडावे.

प्रदर्शन झाल्यावर मूळ कागद कुठे राहणार, हा प्रश्न कुटुंबासमोर येतोच. घरीच ठेवायचे ठरले तर आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, मूळ जुड्यांच्या क्रमाने, जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेल्या लोखंडी कपाटात ठेवावेत. वेखंड कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवावे, कडुनिंबाचा पाला कागदांत घालू नये, कारण त्याचे डाग पडतात. संस्थेकडे द्यायचे ठरले तर क्रमांकवार यादीसह लेखी दानपत्र करावे, त्यात कुटुंबाला कागद पाहण्याचा हक्क आणि अभ्यासकांना ते खुले राहण्याची अट नमूद करावी, आणि संस्थेच्या पोचपावतीवर रुमालांची व कागदांची संख्या लिहून घ्यावी.